एक पावसाळा खाऊ दे

जैतूनचाचीच्या घरी कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी पडवीत जायची. पडवीच्या पश्चिम अंगाला, जिथून ताम्हिणीकडचा पाऊस आडवा होऊन आत शिरायचा, तिथं वाशाला सात-आठ खिळे ठोकलेले होते. घड्याळ आणलं, ते खिळ्याला. छत्री आणली, ती मिटलेलीच खिळ्याला. नव्या वहाणा, दोरीचं बिंडं, कंदिलाची काच, सगळं जूनपासून दसऱ्यापर्यंत तिथं लोंबकळत राहायचं. कोणी हसलं तर म्हणायची, "एक पावसाळा खाऊ दे त्याला. मग घरात घिऊ." एकदा तर भाचीला सांगून आलेल्या स्थळाचा फोटोही तिने खिळ्याला अडकवला होता. श्रावण सरता सरता त्या मुलाच्या मिशीवर बुरशी चढली आणि चाचीने नकार कळवून टाकला. "मिशी टिकंना, त्यो काय टिकनार?" भाचीची आई सहा महिने बोलत नव्हती.

मी लग्न होऊन पिरंगुटला आले तेव्हा चाची चाळिशी ओलांडलेली, विधवा बाई होती. एसटीच्या थांब्याजवळ तिचं दुकान. भाताचं बियाणं, इरली, दोरखंड, विळे, वाती, खडीसाखर असलं सगळं. मी पहिल्यांदा वाती आणायला गेले तर मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "नामदेवाची नवी का तू? बरं. एक पावसाळा काढ, मग बोलू." मी घरी येऊन रडले. वाटलं, काय ही बाई! पण दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला गेले, तेव्हा तिने मला हाताला धरून आत नेलं, चुलीपाशी बसवलं, गुळाचा चहा दिला आणि म्हणाली, "टिकलीस की गं." त्या दिवसापासून मी तिची सुमन झाले आणि ती माझी चाची.

आता तुम्ही म्हणाल, मोठी खमकी बाई असेल. छे हो! इतकी भित्री बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. कुत्र्याला भ्यायची, विजेला भ्यायची, ओढ्याला पाणी आलं की पलीकडचं लग्न सोडून द्यायची. तलाठ्याचा कागद आला तर आधी त्याच्यावर चिमटीने मीठ टाकायची. ती स्वतःच सांगायची, "माजं काळीज सशाचं हाय. पर ससा डोळं उगडं ठिवून झोपतोय, ध्यानात घे." तिला अक्षर येत नव्हतं. मलाही शाळा दोनच इयत्तांची; पुढचं वाचन मी तिच्या दुकानातल्या पुड्या बांधायच्या रद्दीवर शिकले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी जुनं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. मी वाचायची आणि ती भ्यायची, असा आमचा कार्यक्रम.

माझी भीती मात्र एकच होती, आणि ती दहा बोटांची होती.

त्या काळात, म्हणजे ऐंशीच्या आगेमागे, आमच्याकडे पौड रस्त्याच्या कडेने कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड उठत होत्या. आमचे हे, म्हणजे नामदेव, अशाच एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर होते. प्रेस म्हणजे काय ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगते. वर लोखंडाचा ठोकळा, खाली साचा. मध्ये पत्रा सरकवायचा, पायाने पायडल दाबायचं, खाड् करून ठोकळा खाली येतो आणि पत्र्याची टिकली पाडून वर जातो. एकदा सुटला की वाटेत थांबत नाही. पत्रा चिमट्याने सरकवायचा असा नियम होता, पण चिमट्याने काम हळू होतं आणि मालकाला टिकल्या जास्त हव्या असतात. थांब्यावर चहाच्या टपरीशी पहिली पाळी सुटली की मी बघायची, कोणी तीन बोटांनी कप धरलेला, कोणी दोन. संध्याकाळी हे मोरीवर हात धुवायला बसले की मी पाणी घालायच्या निमित्ताने उभी राहायची. हाताला साबणाचा फेस असायचा. फेस जाईपर्यंत मी तांब्या खाली ठेवायची नाही. मग पाचही दिसायची, दुसऱ्या हाताची पाचही दिसायची, मग मी भाकरी टाकायला जायची.

यांनी मला एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. "मी प्रेसवर असलो तर मागनं हाक मारायची न्हाई. घर पेटलं तरी न्हाई." दचकलेल्या माणसाचा पाय आधी दबतो, हे मी चाचीलाही सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "खुदा, असलं काम कुनाच्या दुश्मनालाबी नगं."

चाचीची तीन खाचरं रस्त्याला लागून होती. ती एका कारखान्याने विकत घेतली आणि तिच्या घरात पैसा आला. लोकांना वाटलं, बाई सुखी झाली. तिची झोप उडाली. "भात लावलं तर भात येतंय. पैका लावला तर काय येतंय?" असं ती मला विचारायची. आणि त्याच वैशाखात, आठवड्याच्या अंतराने, दोन माणसं तिच्या ओट्यावर येऊन बसली. दोघांनाही तिचा पैसा आपल्या धंद्यात हवा होता आणि दोघंही एकच वस्तू बनवत होते: प्रेसला बसवायचा डोळा.

पहिला आला तो माझाच मामेभाऊ, शेजारच्या भरे गावचा शंकर शिर्के. आम्ही त्याला शंकरदादा म्हणायचो. हुशार, बोलका, कोणाचा रेडिओ बिघडला की पेचकस घेऊन हजर. त्याने तळहातावर एक चकती ठेवली. काचेखाली पिवळट थर आणि त्यावर नागमोडी रेघ, मुंगी चालत गेल्यासारखी. "चाची, ही चिप उजेड वळखती. साच्याच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला ही. उजेड पडतोय तवर प्रेस चालतोय. मदी कुनाचा हात आला की उजेड तुटला. मग पायडल दाबा न्हाई तर त्याच्यावर नाचा, प्रेस उतरत न्हाई." शेडमध्ये एक भट्टी टाकली की चकत्या आपल्या आपण बनतात, स्वस्त पडतात, सगळे मालक घेतील, असं त्याचं म्हणणं.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. माझ्या दहा बोटांना राखण मिळाली होती! मी तिथंच म्हणाले, "चाची, दादा घरचा हाय. द्या त्याला." तो माझा शब्द अजून मला टोचतो.

दुसरे आले ते दामले म्हणून पुण्याचे एक गृहस्थ. किरकोळ अंगाचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला, आणि बोलायला बसले की आपल्याच मालाची बदनामी करणारे. त्यांनी काडेपेटीतून कापूस काढला, कापसातून एक पत्र्याची टोपी. टोपीला काचेची खिडकी आणि आत काळसर निळी कणी, आमच्या आंबेमोहराच्या कणीएवढी. ही सिलिकॉनची, म्हणाले. महाग आहे. धूळ चालत नाही, ओल चालत नाही, खोली बंद लागते, दुर्बिणीखाली केसापेक्षा बारीक तार जोडावी लागते.

चाची बियाणं विकणारी बाई. बियाणं घेताना ती शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची आणि किती मोड येतात ते बघायची. तिने एके दिवशी दोघांनाही समोरासमोर बसवून तेच विचारलं. "शंभरात उगवत्यात किती?"

शंकरदादा छाती काढून म्हणाला, "नव्वद, चाची!"

दामले चष्मा पुसत म्हणाले, "चाळीस. पन्नास निघाले तर आम्ही पेढे वाटतो."

मला हसू आलं. चाचीला नाही आलं. तिने दुसरा प्रश्न विचारला, आणि मी सांगते, तसा प्रश्न विचारायला भित्रंच माणूस लागतं. "तुजा डोळा मेला, तर काय हुतंय?"

"मरतच न्हाई चाची!" शंकरदादा म्हणाला. "मी स्वतः बनिवलाय."

दामल्यांनी टोपी पुन्हा कापसात ठेवली. मग म्हणाले, "मरतो, काकू. कधीकधी उगाचच मरतो. पण मी जोडणी अशी केली आहे की तो मेला, तार तुटली, दिवा गेला, काहीही झालं तरी प्रेस बंद पडतो. मालक शिव्या देतात. म्हणून तर माझा माल खपत नाही."

"असं," चाची म्हणाली. "दोगंबी एक एक डोळा ठिवून जावा. एक पावसाळा खाऊ दे."

शंकरदादाला ते झोंबलं. "चाची, ही काय छत्री हाय का?" असं म्हणत त्याने डोळा दिला खरा, पण तो थांबला नाही. मृगाच्या आधीच त्याने यांच्या मालकाला गाठलं आणि शेडमधल्या पाचही प्रेसना पिवळे डोळे फुकट बसवून दिले, वापरून बघा म्हणून. यांच्या प्रेसलाही. मी गावभर सांगत फिरले, माझ्या दादाने बसवला! आठ दिवसांत मालकाने चिमटे भिंतीच्या खिळ्याला टांगायला लावले. आता डोळा आहे, बोटांनी सरकवा, हात चालवा. टिकल्या दीडपट पडायला लागल्या. हे घरी येऊन हसत सांगायचे, "आता गानी म्हनत काम करतो." मोरीवर उभं राहायचं मी सोडलं.

चाचीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. ती सुतळी गुंडाळत होती, ती थांबली. "सुमन, डोळा नव्हता तवा नामदेव भीत हुता. त्याचं भ्या हाच त्याचा डोळा हुता. शंकरनं त्यो काडून घेतला आन आपला बसवला. आता त्यो डोळा नामदेवापरास जास्त भित्रा पायजे. हाय का?"

मी म्हणाले, "तुमचं आपलं काहीतरीच."

पडवीत दोन फळ्या टांगल्या होत्या. प्रत्येक फळीवर एका टोकाला बारका दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा आणि वर हिरवा बल्ब. डोळ्याला उजेड दिसतोय तोवर हिरवा बल्ब पेटलेला, म्हणजे प्रेस चालणार. मध्ये हात घातला की हिरवा विझायचा. रोज दुपारची नमाज झाली की चाची पडवीत यायची, पदराने हात पुसायची आणि एकेका फळीत हात घालायची. आषाढात दामल्यांचा डोळा एक दिवस आपोआपच गेला. मध्ये काही नसताना हिरवा विझला तो विझलाच. दुकानात बसलेली माणसं खिदळली. "चाची, तुमचा पुणेकर खपला!" चाची म्हणाली, "मेला खरा. पर कुनाला संगं घिऊन न्हाई मेला." दामले एसटीने आले, टोपीची कड नव्याने बंद करून गेले. शंकरदादाचा मात्र रोज चालत होता. जरा दमाने विझायचा, एवढंच. हात घातल्यावर एक उसासा टाकावा आणि मग विझावा, तसा. चाची ते बघून माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायची.

श्रावणात आठ दिवस झड लागली. भिंतींना पाझर, मिठाचं पाणी, काडी पेटेना. नवव्या दिवशी दुपारी मी दुकानात शेंगा निवडत बसले होते. पडवीतून चाचीची हाक आली, पण आवाज असा की मी सूप टाकून धावले. ती शंकरदादाच्या फळीपुढे उभी होती. तिचा हात मध्ये होता. हिरवा पेटलेला होता.

तिने हात काढला, पुन्हा घातला. हिरवा तसाच. तिने दोन्ही हात घातले. मग फळीसमोरचा दिवाच पदराने झाकून टाकला. पडवीत अंधारून आलेलं, बाहेर पाऊस, आणि तो हिरवा टिपका जराही हलला नाही.

"मी त्याला दिसतच न्हाई," चाची हळूच म्हणाली. "मी हायच न्हाई त्याच्या लेखी."

शेडचं छप्परही गळकंच होतं. तिथंही पाऊस तोच, ओल तीच, आणि डोळेही तेच. हे पहिल्या पाळीला गेले होते, गाणी म्हणत.

मी तशीच धावत सुटले. वळून बघते तर चाचीने पडवीच्या मांडवावरची एक काकडी तोडली आणि पदरात घेऊन माझ्यामागे निघाली. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. ओढ्याला मांडीइतकं पाणी होतं. जी बाई ओढ्यापायी सख्ख्या पुतण्याच्या निकाहाला गेली नाही, तिने माझा दंड धरला, डोळे मिटले आणि पाण्यात पाय घातला. तिचे दात वाजत होते. "या अल्ला, या अल्ला," एवढंच ऐकू येत होतं. पलीकडे गेल्यावर तिने डोळे उघडले.

शेडच्या दारावर पहारेकऱ्याने अडवलं. "बायांनी आत न्हाई यायचं."

"नामदेवाच्या घरचं माणूस लई आजारी हाय," चाची म्हणाली. खोटं बोलताना तिला मी तेवढं एकदाच पाहिलं. त्याने आमच्या चिखलाने भरलेल्या लुगड्यांकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

आत पाच प्रेस एकदम चालू होते. खाड्, खाड्, खाड्. यांची पाठ आमच्याकडे होती. उजव्या अंगाला खिळ्यावर चिमटा टांगलेला. साच्याच्या वर हिरवा दिवा. पत्रा पुढे, बोटं आत, बोटं बाहेर, पाय, खाड्. बोटं आत, बोटं बाहेर, पाय, खाड्. छपरातून एक धार डोळ्याच्या डबीवरच पडत होती.

माझ्या तोंडातून हाक निघणार तेवढ्यात चाचीचा गार हात माझ्या तोंडावर घट्ट बसला. तिच्या हाताला काकडीच्या वेलीचा वास होता. दुसऱ्या हाताने तिने मला कमरेशी आवळून धरलं. मला कळलं. हाक मारायची नाही. घर पेटलं तरी नाही.

आम्ही तिथं तशा उभ्या राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एक पत्रा संपला, त्यांनी न वळता दुसरा ओढला. प्रत्येक वेळी बोटं आत जायची आणि बाहेर आली की मी मोजायची. मी चाचीचा तळहात चावला होता, हे मला नंतर तिच्या हातावर दिसलं. तिने तो हलवला नव्हता. तिचं काळीज माझ्या पाठीला लागत होतं, खरोखरच सशासारखं, पण हात दगडाचे.

दुसरा पत्रा संपला. टिकल्यांचं घमेलं भरलं होतं. ते उचलायला यांनी पाय पायडलवरून काढला आणि वळले.

"आगं, तू? हितं?"

"नामदेवा," चाची म्हणाली, "पाय लांब ठिव. बाजूला हो."

मग ती प्रेसपुढे गेली. तिने पदरातून काकडी काढली आणि जिथं यांची बोटं जायची, तिथं साच्यात अर्धी सरकवली. "आता हात मागं घिऊन दाब."

हे हसले. आजूबाजूचेही हसले. "चाची, डोळा हाय. काय व्हनार न्हाई. बगा तुमी." आणि पायडल दाबलं.

खाड्.

अर्धी काकडी यांच्या पायाशी येऊन पडली. पाणी यांच्या पँटवर उडालं. कोणीतरी शेजारचा प्रेस बंद केला, मग दुसरा, मग सगळेच. पत्र्यावरचा पाऊस एकदम ऐकू यायला लागला. वर हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

यांनी भिंतीवरचा चिमटा काढला आणि हातात धरून राहिले. बाकीचे चौघंही आपापल्या चिमट्यापाशी गेले. त्या संध्याकाळी यांना भाकरी मोडवेना. मी मोडून ताटात घातली. दोन दिवस हे हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसायचे.

शंकरदादा दुसऱ्या दिवशी धावत आला. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. त्याने स्वतःची म्हैस विकून भट्टी घातली होती. खोटा नव्हता तो. "चाची, वल शिरली असंल आत. सुकवला की पुना चालतोय."

"सुकव की," चाची म्हणाली. "बोट सुकवून लागत न्हाई, लेका." मग तिने त्याला बसवलं, चहा दिला. "तू वाईट न्हाईस, शंकर. तुज्यात भ्या न्हाई, येवडंच. ज्याला भ्या न्हाई त्यानं राखनदारी करू नये." तो चहा न पिता उठून गेला. भऱ्याहून आमच्याकडे येणं-जाणं नंतर कितीतरी वर्षं बंद होतं. मामी म्हणायची, सुमननं भावाच्या पोटावर पाय दिला. माझा पहिला शब्द आणि शेवटची धाव, दोन्ही माझीच होती.

दसरा झाल्यावर चाचीने खाचरांचे पैसे दामल्यांच्या हवाली केले. ते घाबरले. "काकू, दोन वर्षं तुम्हाला काहीच मिळायचं नाही. कदाचित पुढेही नाही."

"म्हाईत हाय. आदी त्या खोलीतली वल घालवा," ती म्हणाली. एकच अट घातली: बनवलेल्या प्रत्येक खेपेतले थोडे डोळे तिच्या पडवीत पावसाळा काढतील, मगच ती खेप विकायची. दामल्यांनी कपाळाला हात लावला. असा धंदा कोण करतं? पण त्यांनी ते पाळलं.

वाटतं तेवढं सोपं नव्हतं हो ते. उगाच बंद पडणारा डोळा मालकांना नकोच असायचा. दोन वर्षांची चार झाली. लोक दुकानात येऊन टोमणे मारायचे, "चाची, तुमची खाचरं काडेपेटीत गेली!" ती हसायची नाही, चिडायची नाही, भ्यायची. मला विचारायची, "सुमन, मी चुकले का गं?" मी म्हणायची, नाही. पण मला तरी काय ठाऊक! पुढे मोठ्या कारखान्यांनी तसले डोळे मागायला सुरुवात केली, तेव्हा कुठे दामल्यांची खोली वाढली. आम्ही सहा बायका तिथं दुर्बिणीला बसायला लागलो. तांदळातले खडे निवडलेले डोळे आमचे, कणीवर तार जोडायला आम्हांला फार शिकवावं लागलं नाही. चाची श्रीमंत झाली का? नाही. दुकानाला नवी कौलं आली, एवढंच. पण आमच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये डोळा असला तरी चिमटाही असायचा. ती प्रत्येक मालकाला तशी अटच घालायची. "कुनाच्याबी डोळ्यावर इस्वास ठिवू नगा. माज्याबी न्हाई."

पडवीत आता फळ्या राहिल्या नव्हत्या. दामल्यांनी एका खांबावर दिवे आणि समोरच्या खांबावर डोळे असे बसवले होते, म्हणजे पडवीतून जाणारं माणूस मधूनच जायचं. कोणी आलं की हिरवे बल्ब ओळीने विझायचे आणि गेलं की ओळीने लागायचे. चाची आतूनच विचारायची, "कोन आलं गं?"

शेवटच्या वर्षी तिला दमा झाला. ओलीची माणसं ओलीनेच जातात. मी तिच्या उशाशी बसायची. एकदा विचारलं, "चाची, भीती वाटते का?"

"वाटती की. तवाच तर जागी हाय." मग माझा हात धरून म्हणाली, "तू मला लई जोरात चावली हुतीस." आणि खोकत खोकत हसली.

तो पावसाळा तिने पुरता काढला. दसरा झाला आणि दोन दिवसांनी सकाळी ती गेली.

पिरंगुटची, भऱ्याची, कुठकुठच्या शेडमधली माणसं पाळी सोडून आली. दामले पहिल्या एसटीने आले आणि ओट्यावर चष्मा हातात धरून बसून राहिले. शंकरदादाही आला. इतक्या वर्षांनी माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सुमे, ती काकडी मला आजून सपनात दिसती." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो पुढे गेला आणि खांदा द्यायला उभा राहिला.

आम्ही बायका दारात थांबलो. जनाजा उचलला. पुढच्या दांडीला आमचे हे होते. मी सवयीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग शंकरदादाच्या, मग मागच्यांच्या. लाकडाभोवती सगळी बोटं घट्ट वळलेली होती.

ते तिला घेऊन पडवीतून निघाले, तसे हिरवे बल्ब एकामागून एक विझत गेले. एकही चुकला नाही. सगळ्या डोळ्यांना ती दिसली. मग पायऱ्या उतरून ती बाहेर गेली आणि बल्ब ओळीने पुन्हा लागले.